एक तर मार, नाहीतर ऊठ

सप्तपर्णीला फुलं आली की मी दिवस मोजायला लागतो. हिंजवडीत कंपन्यांच्या कुंपणांना लागून ही झाडं रांगेनं लावलेली आहेत. वर्षभर त्यांच्याकडे कोणी बघत नाही. नवरात्र संपतं, दुपारचं ऊन टाळू भाजायला लागतं, रस्त्याकडेचे पिवळे कॉसमॉस वाळून काटक्या होतात, आणि मग एका संध्याकाळी हिरवट पांढऱ्या गुच्छांचा तो वास सुटतो. उग्र आणि गोड, डोकं धरायला लावणारा. बसमधल्या मुली रुमालानं नाक दाबतात. "दादा, एसी वाढवा ना." मी वाढवतो. त्यांच्यासाठी तो फुलांचा वास असतो. माझ्यासाठी तो दिवाळीच्या सुट्टीचा.

आमच्याकडे, गोंदियाच्या पुढे, दिवाळीला दिवारी म्हणतात. धान कापायला आलेलं असतं, तळ्यांचं पाणी निवळलेलं असतं आणि भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे जत्रा, पाहुणे, मोहाच्या पानांवरचं जेवण आणि मांडवातलं नाटक. माझा बाप त्या नाटकांत ऑर्गन वाजवायचा. पायानं भाता हलवायचा आणि बोटांनी सूर काढायचा. खलनायक रंगमंचावर आला की असा काही स्वर लावायचा की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरत. मी नववीत शाळा सोडली तेव्हा गावातल्या सगळ्यांनी मला काही ना काही ऐकवलं. बाप एवढंच म्हणाला, "पेटी शिकत नाही, शाळा शिकत नाही. पुण्याले जा." मी पुण्याला आलो. गावापासून इतक्या लांब की आई अजून विचारते, तिकडे ऊन आमच्यासारखंच पडते का गा?

पडतं. पार्किंगच्या मैदानात तर जास्तच पडतं.

कंपनीच्या बसवर काम करणाऱ्या माणसाचा दिवस दोन्ही टोकांना जळतो आणि मधे नुसता पडून राहतो. सकाळी वारज्याच्या पुलाखालून माणसं उचलायची, काचेच्या इमारतींसमोर ओतायची, आणि मग संध्याकाळपर्यंत वाट बघायची. मैदानाच्या कोपऱ्यात एक चिंच आहे. तिच्या सावलीत मावतील तेवढ्या गाड्या आमच्या. बाकीच्यांच्या गाड्या उन्हात. हा सावलीचा हक्क आप्पांमुळे मिळालेला. आप्पा माण गावचे. ते मैदान एके काळी त्यांचं रान होतं आणि चिंच त्यांच्या बांधावरची. रान विकलं, भावांनी इमारती बांधल्या, सगळ्यांचं बरं चाललं. आप्पांना घरी बसवेना, म्हणून ते आपल्याच रानात दुसऱ्याच्या ठेक्यावर बस चालवतात. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि वर म्हणाले, "ह्याच्यावर हसायचं तर आत्ताच हसून घे. पुन्हा हसलास तर थोबाड फोडीन."

मी हसलो नव्हतो. मी तेव्हा एका मेसमध्ये ताटं विसळत होतो आणि कशालाच हसत नव्हतो.

आप्पांनी मला काय काय दिलं ते सांगायला लागलो तर हा लेख त्यातच संपेल. त्यांच्या गोठ्याची खोली झाली होती, तिथे मला ठेवलं. स्टिअरिंग हातात दिलं. डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले आणि नर्सनं माझं नाव विचारल्यावर "लिहा माझंच आडनाव, त्याचं लांबलचक हाय" म्हणाले. लायसन्स नवं असताना मी एका मॅनेजरची गाडी घासली, तर आप्पांनी सरळ पुढे होऊन सांगितलं की बस त्यांच्याच हातात होती. माझी नोकरी राहिली. त्यांना दोन आठवडे घरी बसवलं. मी पाया पडायला गेलो तर पाय मागे घेतले. "पाया कसला पडतोस? आरसा बघत जा."

मी आरसे बघतो. अजूनही गाडी काढायच्या आधी तिन्ही आरसे बघतो, हँडब्रेक बघतो, परत आरसे बघतो. दत्ता हसतो. "झाडी, गाडी काढतोयस का मुलगी बघतोयस?" दत्ता उदगीरकडचा, माझा खोलीतला जोडीदार. झाडी हे माझं नाव नाही. आमच्या भागाला झाडीपट्टी म्हणतात, ते ऐकल्यापासून त्यानं ठेवलेलं.

तर, सुट्टी. दिवाळीत पुणं थांबतं, पण काचेच्या इमारती थांबत नाहीत, कारण त्यांचं काम अमेरिकेचं. दर वर्षी सप्तपर्णी फुलली की ठेकेदाराचा सुपरवायझर मोटारसायकलवरून येतो आणि गाडी बंदही न करता सांगतो, "ह्या कोपऱ्यातून एक जण जाईल. कोण ते आपसात ठरवा. मला भांडण नको."

"अहो साहेब," कांबळे काका म्हणतात, "अमेरिकेला दिवाळी कळवलीत का यंदा?"

कांबळे काका येरवड्याचे, आमच्यात सगळ्यांत जुने. त्यांची सुट्टी दसऱ्याला, धम्मचक्राच्या दिवशी, होऊन गेलेली असते. त्यामुळे दिवाळीच्या भांडणात ते कोणाचेच नाहीत. पूर्वी चिठ्ठ्या टाकायचे. एका वर्षी कोणीतरी सगळ्या चिठ्ठ्यांवर स्वतःचंच नाव लिहिलं आणि हाणामारी झाली. तेव्हा आप्पा म्हणाले, चिठ्ठीत नुसतं नशीब असतं, आपण पत्ते खेळू. पुतण्याच्या मोबाइलवर ते पोकर शिकले होते. तीन पत्ती सगळ्यांना येत होती, पोकर त्यांनी शिकवलं. तेव्हापासून आमची दिवाळी एका बसच्या मागच्या लांब सीटवर, पाण्याच्या जारच्या खोक्यावर पंचा अंथरून ठरते. पैसे नाहीत. चिंचोके. त्या झाडाचेच, एका बिस्किटाच्या डब्यात साठवलेले. प्रत्येकाला सारखी मूठ मिळते, आणि ज्याच्याकडे शेवटी सगळे चिंचोके, तो घरी जातो. पत्ते कांबळे काका वाटतात, पुणेरी पद्धतीनं, म्हणजे मेहेरबानी केल्यासारखे.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन बंद पत्ते. मधे पंचावर सगळ्यांचे मिळून पाच उघडे, आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. हातातले आणि मधले मिळून ज्याचं चांगलं जुळेल तो जिंकला. पण प्रत्येक टप्प्यावर चिंचोके लावावे लागतात. समोरच्यानं लावले तेवढे तुम्ही लावा, नाहीतर त्याहून जास्त लावा, नाहीतर पत्ते टाकून उठा. आणि सगळे उठले, तर जो उरला त्यानं पत्ते दाखवायचेही नाहीत. ह्या शेवटच्या नियमात सगळा खेळ आहे. मला तो कळायला फार वर्षं लागली.

मी काय करायचो, तर कोणी लावलं की तेवढं लावायचो. वाढवायची भीती आणि उठायचीही भीती. एक एक चिंचोका पुढे सरकवत बसायचो, म्हातारी देवळात तांदूळ वाहते तसा. आप्पा ते बघायचे आणि त्यांचा जबडा हलायचा.

"हे काय चाललंय? भीक घालतोयस का?"

"बघतोय, आप्पा. पुढचा पत्ता बघू."

"बघनारा मरतो. एक तर मार, नाहीतर ऊठ. मधी बसून बघत ऱ्हायलास तर लोकं तुला सोलून खातील."

त्यांनी मला बस आणि पोकर एकाच शब्दांत शिकवलं. वाकडच्या पुलाखाली गाडी घालायची असते तेव्हा चारी बाजूंनी रिक्षा, टँकर, डिलिव्हरीच्या पोरांच्या मोटारसायकली. मी थांबायचो. मागचे हॉर्न वाजवायचे. आप्पा बाजूच्या सीटवरून ओरडायचे, "नाक घाल! घातलंस ना नाक? आता मागं घेऊ नको! अर्धी बाहेर काढलेली गाडीच ठोकली जाते!" तेच पुन्हा दुपारी, पंचावर. अर्धं मारू नको. मारायचं तर असं मार की समोरच्याला गाडी मागं घ्यावी लागंल.

आणि कधी मारायचं? मला वाटायचं, चांगले पत्ते आल्यावर. हे मी म्हणालो तेव्हा आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. चांगले पत्ते आल्यावर तर गाढवही मारतं, म्हणाले. चांगला पत्ता स्वतःच बोलतो, तू कशाला पाहिजेस? तू मारायचं ते समोरच्याकडं बघून. त्याच्याकडं काहीतरी हाय पण फार न्हाय, असा माणूस शोध. त्याला जपायला काहीतरी असतं, म्हणून तो भितो. ज्याच्याकडं काहीच न्हाय तो भीत न्हाय. ज्याला अक्कल न्हाय तो तर अजिबात भीत न्हाय. "ह्या दत्तावर कधी थाप मारू नको. ह्याला जोडी लागली की घर जळलं तरी हा उठत न्हाय. दत्तावर फक्त खरं मारायचं."

"मी इथंच बसलोय, आप्पा," दत्ता म्हणायचा.

"म्हणून तर म्हणलं, उठत न्हाय."

शक्यतो सगळ्यात शेवटी बोलायचं, म्हणजे बाकीच्यांची भीती आधी दिसते. दोघांवर एकदम मारायचं नाही, एकट्याला गाठायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ते गाडी पुसता पुसता बोलले, जणू तिला काही महत्त्व नाही अशी. "थाप एकदम मारता येत न्हाय. तिची गोष्ट पैल्या पत्त्यापासनं सांगावी लागते. इंडिकेटर आधी द्यावा लागतो. मग वळलास की लोकं म्हनतात, हा, हा वळनारच होता."

मग एका वर्षीची दिवाळी. आईचा फोन आला. बाबांची बोटं आखडायला लागली होती. "यंदा शेवटची मंडई म्हन्ते बाबा. मंग ऑर्गन दुसऱ्या कोनाले देईन म्हन्ते. तुह्यासाठी पुढची खुर्ची धरतो म्हन्ते. येजो गा बाबू." बापाने स्वतः फोन घेतला नाही. तो फोनवर बोलत नसे, तोंडात पान असायचं.

मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. पण दत्ता एकाच खोलीत राहतो, आणि दत्ताला कळलं म्हणजे ते मैदानात वाटल्यासारखंच.

त्या दुपारी पत्ते माझ्यावर खूश होते. दत्ता लवकर संपला, जोडी धरून बसला आणि जळाला. मग उरलो मी आणि आप्पा. माझ्यापुढे चिंचोक्यांचा ढीग, त्यांच्यापुढे ओंजळभर. बसच्या टपावर चिंचेचं एखादं पान पडलं तरी ऐकू येत होतं, किंवा मला तसं वाटत होतं. माझ्या हातात राजा आला. मधल्या पहिल्या तिनांत आणखी एक राजा. राजांची जोडी. मी मारलं. माझ्या मानानं जोरात मारलं. आप्पांनी तेवढे चिंचोके मुकाट्यानं लावले. मधे आधीच इस्पिकचे दोन पत्ते होते, आता तिसरा इस्पिक पडला. म्हणजे ज्याच्या हातात दोन इस्पिक, त्याचा रंग जुळला आणि माझ्या जोडीची माती. आप्पांनी बाटली तोंडाला लावली, सावकाश पाणी प्याले, झाकण लावलं. तेव्हाही नुसतं माझ्याएवढं लावलं. शेवटचा पत्ता पडला. तो कोणाच्याच कामाचा नव्हता. आणि आप्पांनी आपले होते नव्हते ते सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढे ढकलले.

मी तेवढे लावले असते आणि माझी जोडी वरचढ निघाली असती, तर डाव तिथेच संपत होता. मी घरी जाणार होतो.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. आणि मला पत्ते दिसेनात. मला दवाखान्याचा बाक दिसला. मला ते दोन आठवडे दिसले. ह्या माणसाच्या पत्त्यावर मी "दाखवा" म्हणायचं? इंडिकेटर तर त्यांनी आधीच दिला होता, तिसऱ्या इस्पिकला थांबून पाणी प्याले होते. ते वळणारच होते. 

मी पत्ते टाकले.

आप्पांना दाखवायची गरज नव्हती. त्यांनी दाखवले. चौकटची सत्ती आणि किलवरची दुर्री. इस्पिक सोडा, काहीच नव्हतं. साध्या छक्कीच्या जोडीनंही त्यांना खाल्लं असतं.

दत्ता तर खाली बसून मांड्या बडवत हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी ते दोन पत्ते माझ्या गुडघ्यावर ठेवले.

"तू पत्त्याला न्हाय भ्यालास. तू मला भ्यालास. उपकार केलेला माणूस समोर असला की तू काय बी टाकून देशील, हे मला ठाव होतं. म्हणून मारलं."

"आप्पा, त्याच्या बापाचं..." कांबळे काका बोलायला लागले.

"ठाव हाय," आप्पा म्हणाले. "वाटा."

त्यानंतर जे झालं त्याला डाव म्हणत नाहीत. ते प्रत्येक वेळी मारत होते आणि मी प्रत्येक वेळी उठत होतो. भुईमुगाची शेंग सोलावी तसं.

आता ह्यातली खरी क्रूर गोष्ट. आप्पांना सुट्टी नको होती. त्यांना कुठे जायचंच नव्हतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी माणसं सोडून आलो तर चिंचेखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर आप्पा बसलेले. पांढराशुभ्र लेंगा, नेहरू शर्ट, कपाळाला गंध. मांडीवर फराळाचा डबा.

"घरी नाही थांबलात?"

"घरी कोन हाय? भाऊ आपापली दारं लावून बसल्यात. कामावर असलं की हे रान ठेकेदाराचं असतं. सुट्टीवर असलं की माझं." त्यांनी डबा पुढे केला. "खा. चकली हाय."

मी खाल्ली. खुसखुशीत होती, ते मान्य करायला हवं. मी आभारही मानले. मला दुसरं काही येत नाही.

काही दिवसांनी बहिणीनं मोबाइलवर मंडईचा व्हिडिओ पाठवला. दुपारी मागच्या सीटवर पडून मी तो बघितला. लोकांची डोकी, मांडवाचे दिवे, भोंग्यातून फाटत येणारा आवाज, आणि त्याच्या खालून, तळ्यातल्या पाण्यासारखा सावकाश पसरणारा माझ्या बापाचा ऑर्गन. पुढच्या रांगेत एक रिकामी खुर्ची होती. तिच्यावर बापाचा दुपट्टा टाकलेला. कॅमेरा हलला आणि परत तिथे आला, तेव्हा खुर्चीत कोणीतरी बसलं होतं आणि दुपट्टा खाली पडला होता.

मे महिन्यात मी घरी गेलो. बाप ओसरीत बसला होता, बोटं मुठीत मिटलेली, उघडायची म्हटली तर दुसऱ्या हातानं उघडावी लागत. ऑर्गन नाटकाच्या मंडळींना देऊन टाकला होता. जमिनीवर त्याच्या चार पायांचे खड्डे राहिले होते.

"नाही आलास ते बरं झालं," बाप म्हणाला. "दुसऱ्या अंकात सूर चुकला माहा."

आतून आई म्हणाली, "नाई चुकला."



पुढच्या दिवाळ्यांमध्ये एकदा दत्ता गेला, बाकी वेळा आप्पाच. मी कधीच नाही. त्या सगळ्या वर्षांत मी आप्पांवर एकदाही खोटं मारलं नाही. दत्तावर मारायला शिकलो, म्हणजे खरं मारायला. रस्त्यावर नाक घालायलाही शिकलो. आता वाकडला टँकरवाले माझ्यासाठी थांबतात. पण आप्पा समोर आले की मी चांगला पत्ता असेल तरच पुढे जायचो, नसेल तर उठायचो. सगळ्यांना ते माहीत होतं. झाडी आप्पांवर पुढं गेला म्हणजे त्याच्याकडं मोठं काहीतरी जुळलंय, उठा. मी ते मुद्दाम करत होतो असं नाही. मला खरंच तसं वाटायचं. आजही वाटतं. ह्या शहरात मला माणूस म्हणून ज्यांनी उभं केलं ते आप्पा, आणि हे मी कोणासमोरही म्हणेन.

नोव्हेंबरच्या शेवटी अमेरिकेत आभार मानायचा एक सण असतो. त्या दिवशी हिंजवडी ओस पडते, बसमध्ये चार डोकी. कांबळे काका दर वर्षी म्हणतात, "बघ, ते लोक आभार मानायला सुट्टी घेतात. तू फुकट मानतोस."

ह्या वर्षी सप्तपर्णी जरा उशिरा फुलली. सुपरवायझर आला आणि गेला. आईचा फोन आला. ऑर्गन आता कोणी दुसराच वाजवणार होता, पण बाबा बघायला जाणार होते. त्यांना आता धरून न्यावं लागतं. "तू आलास तं तुह्या हातानं जाईन म्हन्ते. नाई तं नाई जात." ह्या वेळी बापानं फोन घेतला. पान थुंकल्याचा आवाज आला. "येशील तं ये," म्हणाला.

काल दुपारी पंचा अंथरला. पत्ते वाटण्याआधी आप्पा बोलले. मी त्यांना इतक्या वर्षांत पत्त्यांपुढे स्वतःबद्दल बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांची लेक बडनेऱ्याला दिलेली आहे. तिला मुलगा झाला. "पैली दिवाळी हाय त्याची. अजून तोंड न्हाय बघितलं. यंदा मला खरंच जायचंय." बोलून ते ओशाळले आणि मिशी पुसायला लागले.

कांबळे काकांनी गड्डी पिसता पिसता त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "आप्पा, मी वाटायच्या आधीच तुम्ही पत्ते दाखवलेत."

दत्ताला मी संपवला, खऱ्या पत्त्यावर. तो सवयीनं जोडी धरून बसला होता. उठताना म्हणाला, "झाडी, उदगीरला तुझा पुतळा बांधतो, चपलांसाठी." मग उरलो आप्पा आणि मी. चिंचोके जवळजवळ सारखे.

माझ्या हातात छक्की आणि तिर्री आली. टाकून द्यायचे पत्ते. मी त्यांच्याकडे बघितलं. मी आरसे बघावेत तसं सगळं परत परत बघत होतो. समोर असा माणूस होता ज्याच्याकडे जपायला काहीतरी होतं. मी शेवटी बोलणार होतो. तो एकटा होता. मधे एक्का आला आणि आप्पांचा हात मिशीवर जाऊन थांबला. चांगलं होतं त्यांच्याकडे. पण फार नाही.

मी लावत गेलो, संथपणे, खरा पत्ता असल्यावर लावतो तसं. ते तेवढंच लावत आले. शेवटचा पत्ता पडल्यावर मी सगळे चिंचोके पुढे ढकलले. दोन्ही हातांनी. एक चिंचोका घरंगळून सीटखाली गेला. दत्तानं तो उचलून ढिगावर ठेवला.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. बाहेर कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिचा टिंग टिंग आवाज थांबेना. मी नजर खाली घेतली नाही. मला वाटलं ते आता म्हणतील, लावतो. मग ते हसले, अगदी मायेनं.

"न्हाय. तू माझ्यावर खोटं मारनार न्हायस." त्यांनी पत्ते उघडून टाकले. एक एक्का त्यांच्याही हातात होता. एक्क्यांची जोडी. "जा. बापाला बघून ये."

तेवढ्यावर डाव जवळजवळ संपलाच होता. त्यांच्यापुढे उरलेले चिंचोके मी दोन वाटपांत घेतले. पण ते पत्ते टाकल्यावर लगेच त्यांनी विचारलं होतं, "काय होतं रं तुझ्याकडं? रंग?"

"बघायचं तर लावावं लागतं, आप्पा," मी म्हणालो. "तुम्हीच शिकवलंत."

मी पत्ते पालथेच कांबळे काकांकडे सरकवले. काका ते गड्डीत घालताना क्षणभर थांबले. त्यांना कोपऱ्यांवरचे आकडे दिसले असावेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गड्डी दोनदा जास्त पिसली आणि म्हणाले, "आभार मानायचा दिवस यंदा लवकर आला."

आप्पांनी माझ्या पाठीत थाप मारली. माझी दिवाळीतली ड्युटीही ते करणार आहेत. आज सकाळी त्यांनी मला एक पिशवी दिली. आत फराळाचा डबा, माझ्यासाठी, आणि कागदात गुंडाळलेली लहान बाळाची मखमली कुंची, टिकल्या लावलेली. गोंदियाची गाडी बडनेऱ्याला थांबते. लेक पोराला घेऊन स्टेशनवर येईल, मी खिडकीतून कुंची द्यायची.

"आणि नीट बघ त्याला. कुनावर गेलाय ते मला येऊन सांग."

मी हो म्हणालो. पाया पडलो, ह्या वेळी त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

पिशवी आता ड्रायव्हरच्या सीटमागे टांगली आहे. खिडकीतून सप्तपर्णीचा वास येतोय आणि मी तो आत येऊ देतोय. पोरगा कोणावर गेलाय ते मी त्यांना सांगेन, आणि खरं तेच सांगेन. आप्पांना थाप एकदाच मारता येण्यासारखी होती. ती माझी मारून झाली.